छोटा पडदा, मोठा पडदा आणि मधली ओल

हातात धरूनही खेळता येतो आणि टीव्हीला जोडूनही खेळता येतो, अशा एका कन्सोलचे गुण आणि दोष सहाशे शब्दांत लिहून द्यायचे, एवढंच माझं काम होतं. त्यात भिंत कुठून आली, सुतार कुठून आला आणि आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची छाती कुठून आली, असं नंतर संपादकांनी मला विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून सगळं क्रमाने सांगतो.

आमचं तंत्रज्ञानाचं पान पाहणारा सहकारी लग्नासाठी रजेवर गेला. (स्वतःच्या. दुसऱ्याच्या लग्नाला आमच्याकडे रजा मिळत नाही.) संपादकांनी विभागावरून नजर फिरवली. आयुष्यात एकही व्हिडिओ गेम न खेळलेला माणूस म्हणून मी त्यांना निःपक्षपाती वाटलो.

"नमुन्याचा संच आहे," ते खोकं माझ्याकडे सरकवत म्हणाले. "अजून बाजारात आलेला नाही. शनिवारी दुपारी कंपनीचा माणूस तुमच्या घरून घेऊन जाईल. एकूण एक वस्तू परत गेली पाहिजे. पावतीवर माझी सही आहे."

"काळजी नको," मी म्हणालो.

मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढत आलोय. माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत, फार तर लोकांची विशेषणं हरवतात.

घरी खोकं उघडलं तेव्हा आत एक पाटीएवढा पडदा निघाला, त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना अडकवायचे दोन कंट्रोलर निघाले आणि एक उभा प्लास्टिकचा खाचा निघाला. पडदा त्या खाच्यात ठेवला की खेळ टीव्हीवर दिसतो, उचलला की तोच खेळ तिथूनच पुढे हातात सुरू होतो. खाच्याला इंग्रजीत काहीतरी नाव होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला 'पाळणा' म्हटलं आणि आमच्या घरापुरता तो शब्द पक्का झाला.

अण्णा वजनमापं खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. घरात नवी वस्तू आली की ते आधी ती तोलतात. त्यांनी स्वयंपाकघरातला काटा आणला, कन्सोल त्यावर ठेवला, चष्मा वर केला आणि खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली.

"जास्त भरतंय."

"अण्णा, खोक्यावरचं वजन कंट्रोलर काढून दिलंय."

"म्हणजे? पातेलं विकताना कान कापून तोलतात का?"

दोषांच्या बाजूला माझी पहिली नोंद झाली. निरीक्षणाचं श्रेय मात्र मी वडिलांना दिलं नाही. आमच्या धंद्यात सूत्रांची नावं गुप्त ठेवतात.

पहिले दोन दिवस मी यंत्राची हातात धरण्याची बाजू तपासली. खरं तर तपासायला मला ते मिळालंच नाही. लेक ते पांघरुणात घेऊन बसायची. अण्णा गॅलरीत बसून होड्यांची शर्यत खेळायचे. बायको ते मागच्या टेकूवर ओट्याशी उभं करायची आणि भाजी चिरता चिरता खेळातल्या एका बदकाकडून गच्च्यांवरून पार्सलं पोचवून घ्यायची. माझी पाळी येईपर्यंत बॅटरी संपलेली असायची, आणि यंत्र इतकं तापलेलं असायचं की कोंबडीखालचं अंडं हातात दिल्यासारखं वाटायचं. ही दोन्ही निरीक्षणं मी दोषांत घातली. बाकी सारांश एका वाक्यात मावला: हे यंत्र घरात कुठेही नेता येतं हा त्याचा गुण, आणि ते घरात कुठेही असू शकतं हा त्याचा दोष. हे वाक्य मला फार आवडलं. इथेच थांबायला हवं होतं.

पण अर्ध्या वस्तूचं परीक्षण लिहिणं माझ्या तत्त्वात बसत नाही. उरलेली बाजू टीव्हीची होती. त्यासाठी पाळण्याची एक वायर टीव्हीच्या पाठीत खोचायची होती, बस.

आता आमच्या टीव्हीविषयी. बैठकीच्या खोलीत एकही वायर दिसता कामा नये, अशी माझ्या बायकोची अट होती. ती सुताराने इतकी मनावर घेतली की भिंतीवर लाकडी चौकट करून त्याने टीव्ही त्यात फोटो मढवावा तसा मढवला. वायरी दिसत नाहीत हे खरंच आहे. टीव्हीची पाठही तेव्हापासून कुणाला दिसलेली नाही. मी चौकटीच्या फटीतून हात आत घातला. हात गेला, वायर हातात होती, भोकही बोटांना लागलं. मग घड्याळ कशात तरी अडकलं आणि हात परत येईना.

अशा स्थितीत माणसाने शांत राहावं. मी शांत होतो. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले काका वर्तमानपत्र मागायला आले.

"हात अडकलाय वाटतं," ते टीव्हीला मिठी मारलेल्या माझ्याकडे बघत म्हणाले.

"नाही, वायर लावतोय."

"आमच्या साडूचा असाच पिंपात अडकला होता. साबण लावा." मग स्वयंपाकघराकडे वळून, "वहिनी, साबण आणा हो! नाहीतर तेल. तेल बरं, फेस होत नाही. आणि हात सैल सोडा, पत्रकार. तुम्ही ताणताय. साडूसुद्धा ताणत होता."

"मग निघाला कसा?"

"पिंप कापलं."

बायकोने माझ्या दंडाकडे बघितलं, मग चौकटीच्या सागवानाकडे बघितलं. दोहोंतलं काय कापायचं याचा तिचा निर्णय मला दिसला. मी जोर लावला. हात निघाला, घड्याळ आतच राहिलं.

मग सुताराला बोलावणं आलंच. त्याने चौकटीवर टिचक्या मारल्या, चारी कडांवरून अंगठा फिरवला आणि तुच्छतेने विचारलं, "कोणी केलंय हे काम?"

"तुम्हीच."

"तरीच इतकं पक्कं आहे."

अर्धा दिवस घालवून त्याने टीव्ही बाहेर काढला. मागे माझं घड्याळ होतं, दोन पेन होती, आणि आमच्या गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर एक भलामोठा, पिवळसर कडांचा, फुगलेला ओलाव्याचा डाग होता. बायकोने बोट लावलं. रंगाचा पापुद्रा तिच्या बोटाला चिकटून आला.

"टीव्ही लावला तेव्हा हे नव्हतं," सुतार हात झटकत म्हणाला. "माझं काम कोरडं असतं. वरून पाणी येतंय. आधी ते थांबवा, मग मला बोलवा. ओल्या भिंतीला मी टीव्ही लावत नसतो."

टीव्ही जेवणाच्या टेबलावर आला. आम्ही ताटं मांडीवर घेऊन सोफ्यावर आलो. पण पाळण्याची वायर लागली, आणि होड्या मोठ्या पडद्यावर वल्हवल्या जाऊ लागल्या. चित्र सुंदर दिसत होतं. मी लिहिलं: 'मोठ्या पडद्यावर हा कन्सोल खुलतो. मात्र घरच्या वापरासाठी घर सुस्थितीत असणं आवश्यक.'

आमच्या डोक्यावर सेक्रेटरी राहतात. सोसायटी चालवणारा हा माणूस बारा महिने एक खाकी बिनबाह्यांचं जाकीट घालतो. त्याला आतून-बाहेरून इतके खिसे आहेत की त्यांत टेप, टॉर्च, किल्ल्यांचे जुडगे, पावत्या आणि बहुधा सोसायटीची घटनाही मावते. बोलावल्यावर ते लगेच आले. त्यांनी डागावर टॉर्च मारला, टेपने तो आडवा-उभा मोजला आणि टेप सोफ्यावर ठेवून विचारमग्न झाले.

"ही ओल नाही," ते म्हणाले. "भिंतीला घाम येतो."

"एकाच जागी?" बायकोने विचारलं.

"माणसाला नाही का येत एकाच जागी?"

"अहो, याच्या बरोबर वर तुमचं बाथरूम आहे."

"वहिनी, असं तोंडी नसतं. तुम्ही सेक्रेटरींच्या नावे अर्ज द्या. मी तो वरच्या फ्लॅटधारकाला पाठवीन."

"वरचे फ्लॅटधारक तुम्हीच आहात ना?"

"हो. फ्लॅटधारक म्हणून मी खुलासा देईन. सेक्रेटरी म्हणून तो वाचीन."

"आणि खुलासा समाधानकारक वाटला नाही तर?"

"आजपर्यंत तसं झालेलं नाही."

बायकोचा आवाज चढायच्या बेतात होता. तेवढ्यात अण्णा मध्ये पडले. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उभं ठेवायचं नाही, ही त्यांची जुनी शिस्त. पूर्वी ते अशा वेळी चहा मागवत. हा कन्सोल घरात आल्यापासून ते पाहुण्याच्या हातात एक कंट्रोलर देत आणि दुसरा स्वतः घेत. (गुण: दोन तुकडे सुटे होतात, पाहुणा आल्यास जास्तीचा कंट्रोलर विकत आणावा लागत नाही.) सुतारालाही त्यांनी एक फेरी वल्हवायला लावलं होतं.

"उभ्याने काय भांडताय? बसा. हे धरा. वल्ह्यासारखं हलवायचं."

"मी असले खेळ..." म्हणत सेक्रेटरी बसले, आणि बघता बघता पुढे सरकून सोफ्याच्या कडेवर आले. वल्हं खडकाला आपटलं की हातातला कंट्रोलर थरथरतो. त्या थरथरीला ते पहिल्यांदा दचकले, दुसऱ्यांदा हसले आणि मग असे वल्हवू लागले की खाली सोफा सरकायला लागला. "डावीकडे घ्या, अण्णा, आदळाल! मी सांगत होतो! हा गेलो बघा मी पुढे!" ओल, अर्ज, घाम सगळं विसरलं गेलं. अण्णा हरले. मग वरून सेक्रेटरींच्या बायकोची हाक आली की लिफ्ट अडकलीय, लोक आत आहेत. सेक्रेटरी एकदम पदावर आले. सोफ्यावरच्या आपल्या वस्तू भराभर खिशांत कोंबून ते धावले. मागे एक टेप राहिली होती. मला वाटलं सुताराचीच, म्हणून मी ती नेऊन त्याला दिली. त्यानेही काही न बोलता ठेवून घेतली.

शनिवारी सकाळी मी खोकं भरायला घेतलं. पडदा होता, पाळणा होता, वायर होती, डावा कंट्रोलर होता. उजवा नव्हता.

पुढच्या तासाभराचं वर्णन मी टाळतो. आम्ही पिठाचा डबा चाळला एवढं सांगितलं तरी पुरे. सोफा उलटा केला, तेव्हा समोरचे काका येऊन म्हणाले की हरवलेली वस्तू शोधायचं थांबवलं की सापडते, आमच्या साडूची कवळी अशीच सापडली. मी त्यांना कधी नव्हे ते वर्तमानपत्र न देता परत पाठवलं. हा कंट्रोलर कुठल्याही दुकानात मिळणार नव्हता, कारण तो अजून विक्रीलाच आला नव्हता. दुपारी कंपनीचा माणूस येणार. सही संपादकांची. आणि 'काळजी नको' हे शब्द माझे.

"बाबा, ह्याच्यात शोधायची सोय आहे," लेक म्हणाली. "बटण दाबलं की हरवलेला कंट्रोलर जिथे असेल तिथे थरथरतो."

"हे आत्ता सांगतेस?"

"तुम्ही परीक्षण लिहिताय ना? मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

आम्ही पंखे बंद केले, फ्रिज बंद केला. लेकीने बटण दाबलं. चौघांनी श्वास धरला. कुठे काही नाही. अण्णांनी यंत्र तिच्या हातातून घेतलं. "तुमच्यात चिकाटी नाही," ते म्हणाले, आणि दाबायचं, ऐकायचं, एक पाऊल सरकायचं, पुन्हा दाबायचं, अशी पद्धतशीर मोहीम त्यांनी सुरू केली.

थोड्या वेळाने वरच्या मजल्यावर धावपळ ऐकू आली. खुर्ची घासली, दार आपटलं, आणि आमची बेल कुणीतरी दाबूनच धरली. दारात सेक्रेटरींची बायको उभी होती.

"भावजी, वर या हो! ह्यांच्या छातीत काहीतरी होतंय!"

मी आणि बायको तसेच वर धावलो. सेक्रेटरी दिवाणावर आडवे होते, जाकिटासकट. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, कारण हलायचं नाही असं त्यांना कुणीतरी बजावलं होतं. तळमजल्यावरचे डॉक्टर ईसीजीचं छोटं यंत्र घेऊन आधीच पोचले होते.

"आलं... आलं बघा," सेक्रेटरी पुटपुटले. "डावीकडे. थरथरतंय. आता थांबलं."

"ईसीजी अगदी नीट आला मघाशी," डॉक्टर म्हणाले. "जाकीट काढून झोपला होतात तेव्हा काही होत होतं का?"

"नाही. तेव्हा बरं वाटत होतं. मग थंडी वाजली म्हणून जाकीट घातलं, आणि पुन्हा सुरू."

(त्या मधल्या वेळात खाली अण्णा छताशी कान लावण्यासाठी स्टूल शोधत होते, हे नंतर कळलं.)

"जाकीट काढलं की बरं वाटतं, घातलं की त्रास होतो," डॉक्टर विचारात पडले. "मग घालता कशाला?"

"लग्न झाल्यापासून मी हेच विचारतेय!" सेक्रेटरींची बायको रडता रडता म्हणाली.

सेक्रेटरींनी मला मानेने जवळ बोलावलं. "पत्रकार... मन मोकळं करून जाऊ द्या. ती ओल... आमच्याच बाथरूमची आहे. फरशीखालचा पाइप फुटलाय. मला मागच्या वर्षीच कळलं होतं. फरशी फोडायला जिवावर आलं हो."

"जरा मोठ्याने बोला, भावजी," माझी बायको हळुवारपणे म्हणाली. "डॉक्टर, तुम्ही ऐकताय ना?"

मी दुसरंच ऐकत होतो. सेक्रेटरींच्या छातीतून एक बारीक घुर्र आली. मग ती थांबली. माणूस एक पाऊल सरकून कान देईल एवढा वेळ गेला, आणि पुन्हा घुर्र. ती लय मी ओळखली. ती हृदयाची नव्हती, वजनमापं खात्याची होती.

एक माणूस मरत नाहीये याचं समाधान आणि कंट्रोलर सापडल्याचं समाधान, यांतलं आधी कोणतं झालं, हे मी छापण्यासाठी देणार नाही. दोन्ही मिळून मात्र मी दिवाणाच्या कडेवर बसलो. तोवर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप सरळ जाकिटावरच टेकवला आणि भुवया वर नेल्या.

"हे हृदय नाही. आत मोटार चालू आहे."

"पेसमेकर असेल," सेक्रेटरी क्षीणपणे म्हणाले.

"तुम्हाला पेसमेकर बसवलाय?"

"नाही."

"मग नसेल."

"साहेब," मी म्हणालो, "आतल्या डाव्या खिशात हात घालू का?"

आधी टॉर्च निघाला. मग किल्ल्या. मग पावत्यांचा गठ्ठा. आणि त्याखालून, टेपच्या जागी, आमचा उजवा कंट्रोलर निघाला आणि माझ्या तळहातावर घुर्र करून थांबला.

सेक्रेटरींनी उठून बसून आधी कंट्रोलरकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे.

"म्हणजे मी... नाही ना जात?"

"आज तरी नाही."

त्यांची बायको त्यांच्या दंडाला धरून हमसून रडली, मग तितक्याच जोरात हसली आणि मग जाकीट ओढून काढू लागली. सेक्रेटरींनी तेही करू दिलं. चेहऱ्यावर रंग परतला, आणि रंगाबरोबर पदही.

"मघाशी मी जे बोललो," ते घसा खाकरून म्हणाले, "ते प्रकृतीच्या ओघात. रीतसर अर्ज आल्यावर..."

"कसला अर्ज?" त्यांच्या बायकोने जाकिटाची गुंडाळी काखेत मारली. "मला वर्षभर सांगताय, भिंतींना घाम येतो म्हणून! प्लंबरला आत्ता बोलावते. अहो, माणूस जाता जाता जे खरं बोलला, ते परत आल्यावर खोटं कसं होईल?"

सोसायटीच्या नियमांत याला उत्तर नसावं. सेक्रेटरींनी मान डोलावली.

मी कंट्रोलर घेऊन पायऱ्या उतरलो. अण्णा स्टुलावर उभे होते, हात छताकडे, बोट बटणावर.

"सापडला? मी दाबतच होतो."

कंपनीचा माणूस आला तो सभ्य होता. त्याने खोकं उघडून पडदा पाहिला, पाळणा पाहिला, वायर पाहिली, दोन्ही कंट्रोलर हातात घेतले.

"उजवा गरम लागतोय."

"कामात होता," मी म्हणालो. त्याने खोकं बंद केलं. लिफ्टचं दार लागेपर्यंत मी उंबऱ्यावर उभा होतो. मग आत येऊन पाणी प्यायलो, आणि फ्रिज बंद आहे हे लक्षात आलं तरी ते पाणी मला गार लागलं.

परीक्षण वेळेत गेलं. गुणांत मी लिहिलं होतं की या कन्सोलमधील हरवलेला भाग शोधण्याची सोय सिमेंटचा स्लॅब भेदून काम करते आणि तिचे सामाजिक उपयोगही आहेत. संपादकांनी 'सामाजिक' वर लाल खूण करून मला केबिनमध्ये बोलावलं, सगळं ऐकलं, आणि वाक्य ठेवलं. कापलं ते मला आवडलेलं, 'कुठेही नेता येतं' वालं. अतिशयोक्ती वाटते म्हणाले.

त्या शनिवारी संध्याकाळी सेक्रेटरी खाली आले. जाकीट नव्हतं, त्यामुळे ते काहीसे लहान दिसत होते. टीव्ही अजून टेबलावरच होता. बायकोने चहा दिला, अण्णांनी खुर्ची दिली, आणि आम्ही सगळे डागाकडे तोंड करून बसलो. एवढ्यात वरून धाडकन आवाज आला. भिंत हादरली, कप बशीत किणकिणले. सेक्रेटरींचा हात छातीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"प्लंबर आहे," मी म्हणालो.

"आमच्याच बाथरूममध्ये ना?"

"तुमच्याच."

त्यांनी मोठा श्वास सोडला, हात खाली घेतला आणि कप उचलला.

"मग फोडू दे," ते म्हणाले.